सायकलचा प्रखर दिवा आणि समोरच्याचे डोळे : कोकणात रात्री सायकल चालवू लागलेल्यांसाठी

रेवस-रेडी सागरी महामार्गावर आणि त्याला येऊन मिळणाऱ्या गावरस्त्यांवर पहाटे किंवा सूर्यास्तानंतर सायकल चालवणे अनेकांना सोयीचे वाटते, आणि ते साहजिकच आहे. मार्च ते मे या महिन्यांत सकाळी नऊनंतर इथल्या दमट उन्हात सायकल रेटणे नवख्या माणसाच्या अंगावर येते. अंधारात निघायचे म्हणजे दिवा हवा, आणि आज बाजारात मिळणारे एलईडी दिवे इतके प्रखर असतात की सायकलचा दिवा समोरच्याला मोटारसायकलपेक्षाही जास्त खुपू शकतो. हा लेख अशा दिव्याची निवड, बसवणूक आणि वापर यांबद्दल आहे. दिवा कमकुवत असावा असे माझे म्हणणे मुळीच नाही. खड्डा, रस्त्यावर पसरलेली वाळू आणि मधोमध बसलेली गुरे दिसलीच पाहिजेत. मात्र प्रकाश रस्त्यावर पडला पाहिजे, माणसांच्या तोंडावर नाही, आणि हे काम दिवा विकत घेण्यापासूनच सुरू होते.

आपल्याकडचा रस्ता कसा असतो ते आधी लक्षात घ्यावे. वाडीतून जाणाऱ्या रस्त्याच्या एका कडेला जांभ्याचा गडगा, दुसऱ्या कडेला गटार, साईडपट्टी असली तर नावापुरती, आणि पथदिवे देवळापाशी किंवा नाक्यावर. समोरून येणाऱ्याचे डोळे दिपले तर त्याला बाजूला व्हायला जागाच नसते. अंधाराला पुरते सरावायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटे लागतात, आणि ही तयारी एका प्रखर झोताने क्षणात मोडते. ताशी ४० किलोमीटर वेगाने येणारा दुचाकीस्वार सेकंदाला सुमारे ११ मीटर पुढे जातो. त्याला तीन सेकंद नीट दिसले नाही, तर त्याने ३३ मीटर रस्ता न पाहताच कापलेला असतो. वाडीतली तरुण मंडळी कामासाठी मुंबई-पुण्याला आणि घरी वयस्कर माणसे, हे चित्र कोकणात सर्वत्र आहे. वयाबरोबर डोळ्यांना दिपण्यातून सावरायला जास्त वेळ लागतो, आणि मोतीबिंदू झालेल्या डोळ्यात तर प्रकाश विखुरतो, त्यामुळे समोरचे सगळे पांढरे होऊन जाते.

दिवा घेताना

खोक्यावर मोठ्या अक्षरांत ल्युमेन छापलेले असतात. ल्युमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. तो कुठे पडतो हे त्या आकड्यावरून कळत नाही. रस्त्याच्या एखाद्या जागेवर प्रत्यक्ष किती प्रकाश पोचतो ते लक्समध्ये मोजतात, आणि अंतर दुप्पट झाले की तो चौथ्या हिश्श्यावर येतो. जर्मनीत सायकलच्या पुढच्या दिव्याला दहा मीटरवर किमान १० लक्सची अट आहे आणि समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून झोताची वरची बाजू कापलेली असावी लागते. अशा दिव्याचा प्रकाश भिंतीवर पाडला तर वर सरळ कड दिसते, कडेखाली उजेड आणि कडेवर जवळपास अंधार. कारच्या डिप्परची रचना अशीच असते. खोक्यावर लक्सचा आकडा दिलेला असेल आणि झोताचे चित्र वरून सपाट असेल, तर तो दिवा थोडा महाग पडला तरी घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

गोल झोताचा, म्हणजे हातातल्या बॅटरीसारखा दिवा स्वस्त असतो आणि सर्रास मिळतो. तो खाली झुकवला की काम झाले असे अनेकांना वाटते, म्हणून इथे थोडे गणित करून पाहू. दिवा जमिनीपासून एक मीटर उंचीवर आहे आणि झोताचा मध्य दहा मीटरवर जमिनीला टेकतो, असे धरा. म्हणजे दिवा साधारण पावणेसहा अंश खाली झुकलेला आहे. पण झोत मध्यापासून वर-खाली दहा-दहा अंश पसरत असेल, तर त्याची वरची कड अजूनही सव्वाचार अंश वरच जाते आणि आठ मीटरवर ती सुमारे १.६ मीटर उंचीला पोचते, म्हणजे उभ्या माणसाच्या डोळ्यांपर्यंत. त्यामुळे गोल झोताचा दिवा नीट झुकवणे आवश्यक असले तरी तेवढे पुरत नाही. तो मंद पायरीवर चालवणे हाही त्या उपायाचाच भाग आहे. काही जण भिंगावर पुढे आलेला रबरी छज्जा लावतात. त्याने स्वतःच्या डोळ्यांवर येणारा आणि अगदी जवळच्या माणसाला लागणारा उजेड कमी होतो. आठ-दहा मीटरवरच्या माणसाला मात्र त्याचा फारसा उपयोग नाही.

दुकानात दिवा हातात घेऊन बटण दाबून पाहावे, कारण खोक्यावरच्या आकड्यांपेक्षा रस्त्यावर तेच जास्त महत्त्वाचे ठरते. पुष्कळ दिव्यांत एकच बटण असते आणि प्रखर, मध्यम, मंद, लुकलुकता असा क्रम फिरतो. समोर माणूस दिसल्यावर प्रखरावरून मंदावर यायला दोनदा दाबावे लागते आणि पुन्हा प्रखरावर जाताना मध्ये लुकलुकता प्रकाश लागतो. एका दाबात अप्परचा डिप्पर होईल असा दिवा निवडावा, आणि बटण हातमोजा घातलेल्या अंगठ्यालाही सापडले पाहिजे. पाण्यापासूनच्या संरक्षणासाठी आयपीएक्स ४ ही खूण केवळ शिंतोड्यांपुरती असते. आपल्या पावसासाठी आयपीएक्स ६ असलेला दिवा घेणे शहाणपणाचे.

बसवताना

दिवा हँडलच्या मध्याजवळ, घट्ट बसवावा. रबरी पट्ट्याचे दिवे खडबडीत रस्त्यावर हळूहळू वळतात आणि प्रत्येक धक्क्याला त्यांचे तोंड वर किंवा खाली सरकते. पंक्चरवाल्याकडून जुन्या ट्यूबची पट्टी मागून घेऊन ती पट्ट्याखाली गुंडाळली की दिवा जागचा हलत नाही. पुढे हँडलबॅग असेल तर झोत तिच्यावर अडतो, म्हणून काही जण दिवा खाली फोर्कच्या, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या दुफाट्याच्या, माथ्यावर घेतात. तिथे समोरच्याला त्रास कमी होतो, परंतु खालून पडणाऱ्या प्रकाशात प्रत्येक खडीची सावली लांब पडते आणि साधा उंचवटाही खड्डा वाटू लागतो, याची सवय करून घ्यावी लागते.

भिंतीसमोर झोत बसवणे

ही पायरी कोणीही टाळू नये. काळोख पडल्यावर सपाट जागेवर, शाळेची, देवळाच्या सभामंडपाची किंवा घराची भिंत समोर येईल अशी सायकल उभी करावी. टायरमध्ये नेहमीची हवा असावी, कॅरिअरवर नेहमीचे सामान असावे आणि आपण स्वतः सीटवर बसलेले असावे, कारण मागे वजन पडले की सायकलचे पुढचे तोंड किंचित उचलले जाते आणि झोतही उचलला जातो. भिंत पुढच्या चाकापासून नव्हे, तर दिव्यापासून पाच मीटरवर हवी. मोजपट्टी नसेल तर तीन सायकली एकामागे एक उभ्या केल्यावर होणारी लांबी साधारण तेवढीच असते.

आता जमिनीपासून दिव्याच्या मध्यापर्यंतची उंची मोजावी. समजा ती ९६ सेंटीमीटर आली. गोल झोताचा दिवा असेल तर भिंतीवर त्याच्या निम्म्या उंचीला, म्हणजे ४८ सेंटीमीटरवर, खडूने आडवी रेघ ओढावी आणि झोताचा सर्वांत उजळ ठिपका त्या रेघेवर येईपर्यंत दिवा खाली झुकवावा. असा झोत दहा मीटरवर रस्त्याला टेकतो. कापलेल्या कडेचा दिवा असेल तर रेघ दिव्याच्या उंचीपेक्षा आठ-दहा सेंटीमीटर खाली ओढावी आणि उजेडाची वरची कड त्या रेघेच्या वर जाऊ देऊ नये. जांभ्याच्या खडबडीत, लाल भिंतीवर ही कड नीट दिसत नाही. चुना मारलेली भिंत किंवा दारावर टाकलेली पांढरी चादर बरी. झुकाव ठरला की स्क्रू आवळावा आणि दिव्यावर व हँडलवर एकाच ओळीत नखाएवढी पांढऱ्या रंगाची खूण करावी, म्हणजे दिवा चार्जिंगला काढून पुन्हा बसवताना तीच जागा सापडते.

त्यानंतर सायकल कोणाच्या तरी हाती देऊन आपण समोरून तिच्याकडे चालत यावे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम १०६ मोटारवाहनांच्या पुढच्या दिव्यांसाठी मोजमाप देतो : दिव्यापासून ८ मीटर अंतरावर आणि १.५ मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, त्याला दिपता कामा नये. सायकल मोटारवाहनात मोडत नाही, पण मोजमाप आपल्यालाही चोख लागू पडते. आठ मीटरवर उभे राहून, थोडे गुडघे वाकवून, दिव्याकडे पाहावे. मान आपोआप वळली, तर दिवा अजून खाली घ्यावा किंवा मंद पायरी हीच नेहमीची पायरी ठरवावी.

रस्त्यावर

मोकळ्या सड्यावर (उघड्या पठारावर), दोन्ही बाजूंना कोणी नसताना अप्पर वापरायला हरकत नाही. एरवी डिप्परच चालू ठेवावा. ताशी वीस किलोमीटरच्या आसपास वेगाला तो पुरतो, पुरत नसेल तर वेग कमी करावा. समोर दुसऱ्याचा दिवा किंवा हातातली बॅटरी दिसताच, पन्नास-साठ मीटर आधीच, प्रकाश उतरवावा. अगदी जवळ आल्यावर उतरवून काही साधत नाही, कारण तोपर्यंत त्याचे डोळे दिपून गेलेले असतात.

पायी चालणाऱ्यांचा विचार वेगळा करावा लागतो. डोक्यावर गवताचा किंवा लाकडांचा भारा घेऊन गडग्याच्या कडेने समोरून येणारी बाई पाहा. एक हात भाऱ्याला, दुसऱ्या हातात बॅटरी किंवा कोयती. तिला मान वळवता येत नाही आणि डोळ्यांवर हात धरता येत नाही. तिच्यासाठी दिवा मंद करून, शक्य तेवढे रस्त्याच्या मध्याकडे सरकून, हळू जावे. समोरून वाहन येत असेल तर थांबावे. पाठमोऱ्या माणसाची अडचण आणखी निराळी असते. मागून आलेल्या झोतात त्याची स्वतःचीच लांब सावली पायांपुढे पडते आणि पाऊल कुठे टाकायचे तेच त्याला दिसेनासे होते; मग तो मागे वळतो आणि नेमका झोत डोळ्यांत घेतो. म्हणून मागून येताना दिवा लांबूनच मंद करावा, घंटी दोनदा वाजवावी आणि जवळ आल्यावर ‘काका, उजवीकडून जातो हां’ असे तोंडाने सांगावे. घंटीपेक्षा माणसाचा आवाज लवकर कळतो.

नीट बसवलेला दिवाही काही जागी डोळ्यांत जातोच, आणि आपला रस्ता अशा जागांनी भरलेला आहे. खाडीच्या पुलावर उतरायचे, पुन्हा सड्यावर चढायचे, असा इथला प्रवास असतो. शंभर मीटरला सहा मीटर चढ असेल तर झोत जवळजवळ साडेतीन अंशांनी वर उचलला जातो, आणि चढाच्या माथ्यापलीकडून येणाऱ्याच्या तोंडावर तो थेट पडतो. माथा गाठण्याआधी डिप्पर करावा. दिव्यात फार मंद पायरी नसेल तर क्षणभर तळहात भिंगासमोर धरावा. चढावर वेग कमी असल्याने हे सुरक्षितपणे जमते, उतारावर मात्र ब्रेकवरचा हात काढू नये. डाव्या वळणावर सायकलचे तोंड पूर्ण वळेपर्यंत झोत समोरून येणाऱ्याच्या बाजूवर फिरतो. आरे-वारेसारख्या समुद्रालगतच्या वळणावळणाच्या रस्त्यावर वळणाआधीच प्रकाश उतरवण्याची सवय लावून घ्यावी.

समोरच्या वाहनाने अप्पर उतरवला नाही तर आपणही अप्पर मारून उत्तर देऊ नये. त्यामुळे दोघेही आंधळे होतात. नजर रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवावी, वेग उतरवावा, आणि दिव्यापुढे तळहात एकदा धरून काढावा. हा डिप्पर बहुतेक चालकांना समजतो. आणि कोणी ‘लाईट खाली घ्या हो!’ असे ओरडले, तर ती तक्रार योग्य आहे असेच धरून चालावे, थांबून दिव्याचा झुकाव तिथेच तपासावा.

लुकलुकता दिवा आणि हेल्मेटवरचा दिवा

पुढचा लुकलुकता दिवा दिवसा, धुक्यात किंवा भर पावसात दिसून येण्यासाठी उपयोगी आहे. काळोख्या रस्त्यावर तो लावू नये : समोरच्याला सायकल किती लांब आहे आणि किती वेगाने येते आहे याचा अंदाज येत नाही, आणि आपल्यालाही खड्डा तुकड्यातुकड्यांत दिसतो. जर्मनीच्या नियमांतही पुढचा लुकलुकता दिवा चालत नाही. हेल्मेटवरचा दिवा पंक्चर काढताना किंवा नकाशा पाहताना उत्तम. मात्र तो आपण पाहू तिकडे वळतो, म्हणजे ज्याच्याशी बोलायला मान वर केली त्याच्या डोळ्यांत जातो. चहाच्या टपरीवर किंवा रस्ता विचारायला थांबल्यावर तो आधी बंद करावा.

पावसाळ्यात

जून ते सप्टेंबर या काळात प्रखर दिव्याचा उपयोग उलट कमी होतो. थेंबांवर पडलेला प्रकाश परत आपल्याच डोळ्यांकडे येतो आणि समोर पांढरी झालर दिसते. ओले डांबर आरशासारखे वागते : झोत मागे आपल्याकडे येण्याऐवजी पुढे परावर्तित होतो, त्यामुळे आपल्याला रस्ता काळा दिसतो आणि समोरच्याला तोच दिवा दुप्पट झाल्यासारखा खुपतो. हेल्मेटच्या काचेवर थेंब असलेल्या दुचाकीस्वाराची तर फारच पंचाईत होते. अशा वेळी प्रकाश वाढवण्याचा मोह आवरून तो उतरवावा, किंचित आणखी खाली झुकवावा आणि सावकाश जावे.

खाऱ्या हवेचाही बंदोबस्त हवा. किनाऱ्यावरून किंवा जंगलजेटीवरून (वाहने नेणाऱ्या फेरीबोटीने) खाडी ओलांडून आल्यावर दिवा गोड्या पाण्याने ओल्या केलेल्या फडक्याने पुसावा, चार्जिंगच्या तोंडावरचे रबरी झाकण उघडून आत कोरडे आहे ना ते पाहावे आणि ओलावा असताना चार्जर कधीही लावू नये. भिंगावर मिठाचा थर बसला की कापलेली कडसुद्धा पसरते, आणि चांगला दिवा डोळे दिपवू लागतो. पावसाळ्यात विजेचा भरवसा नसतो, म्हणून दिवा परतल्याबरोबर चार्ज करून ठेवावा आणि पिशवीत एक लहान, मंद दिवा जादा असावा.

गावात, गर्दीत आणि किनाऱ्यावर

शिमग्याची पालखी, गणपतीतली भजने, सिंधुदुर्गातली दशावतारी नाटके, यांमुळे काही रात्री वाडीचा रस्ता माणसांनी भरलेला असतो आणि त्यांत लहान मुले असतात, ज्यांचे डोळे आपल्या दिव्याच्या उंचीवरच येतात. मुलांच्या बाबतीत दिव्याचा झुकाव कामी येत नाही. उतरून, दिवा अगदी मंद करून, सायकल हाताने न्यावी.

किनाऱ्यालगतच्या गावांत आणखी एक काळजी घ्यावी लागते. वेळास, आंजर्ले यांसारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे हिवाळ्यात अंडी घालतात आणि पुढे उन्हाळ्याच्या तोंडाशी पिल्ले बाहेर येतात. ही पिल्ले उजळ दिसणाऱ्या क्षितिजाकडे, म्हणजे एरवी समुद्राकडे, सरकतात. जमिनीच्या बाजूने प्रकाश आला तर ती उलट दिशेने जातात. वाळूवर रात्री सायकल नेऊच नये, आणि किनाऱ्याकडे तोंड करून सायकल उभी करताना दिवा बंद करावा. रस्त्यावर गवा किंवा गुरे आडवी आली तर झोत त्यांच्या डोळ्यांवर रोखू नये. लांब थांबून, प्रकाश जमिनीकडे करून, त्यांना जाऊ द्यावे.

मागचा दिवा आणि सोबतचे सायकलस्वार

मागचा लाल दिवा रस्त्याला समांतर असावा, वर झुकलेला नको, आणि रात्री तो स्थिर ठेवावा. गटाने जाताना सर्वांचे लाल दिवे प्रखर असले तर मागे राहणाऱ्याला समोर लाल धुरळ्याशिवाय काही दिसत नाही; शेवटच्याचा दिवा प्रखर आणि मधल्यांचे मंद, असे निघण्यापूर्वीच ठरवावे. मधल्या सायकलस्वाराने पुढचाही दिवा मंद ठेवावा, नाहीतर पुढच्याची सावली त्याच्याच चाकापुढे पडत राहते. ज्यांना दिव्यावर जास्त खर्च करायचा नाही त्यांनी पेडलवरचे पिवळे परावर्तक मात्र काढून टाकू नयेत, तुटले असतील तर बदलून घ्यावेत : ते कोणाचेही डोळे दिपवत नाहीत, त्यांना चार्जिंग लागत नाही, आणि पाय वर-खाली होताना दिसले की मागच्या चालकाला पुढे सायकल आहे हे लगेच ओळखता येते.